अजून निळाच आहे

विश्वास ठेवा नाहीतर हसा. पण हे ऐकीव नाही. दादा माझा सख्खा भाऊ, आणि तो बीकर आत्ता आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दादा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. त्याचा एक लाडका प्रयोग होता. तीन पाण्यासारखे द्रव एका काचेच्या बीकरमध्ये एकत्र ओतायचे. मिश्रण पिवळं होतं, मग एकदम गडद निळं, मग पुन्हा पाण्यासारखं... परत पिवळं, परत निळं. मुलं टाळ्या पिटायची. पाचेक मिनिटांत खेळ संपतो आणि शेवटी निळा रंग तसाच राहतो.

त्या सकाळी हा प्रयोग दाखवतानाच दादा धाडकन कोसळला. दवाखान्यात नेलं. शुद्ध नव्हती.

संध्याकाळी मी आणि वहिनी त्याची बॅग आणायला शाळेत गेलो. वहिनीही तिथेच रसायनशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. आमच्या चपलांचाच काय तो आवाज.

टेबलावर बीकर...

पिवळा. निळा. पिवळा.

"हा अजून चालू कसा?" वहिनी पुटपुटली. "सकाळीच संपायला हवा होता."

बीकरखालच्या ढवळायच्या यंत्राची विजेची पिनसुद्धा काढलेली होती.

तेवढ्यात दवाखान्यातून नर्सचा फोन. "डोळे उघडतायत हो! पण लगेच मिटतात. परत उघडतात."

वहिनीने फोन स्पीकरवर टाकला.

बीकर पिवळा झाला... "उघडले!"

निळा झाला... "मिटले."



बीकर घरी आणला. तो ओतून द्यायची कोणाची छाती होणार? काही दिवसांनी दादाही घरी आला. पिवळ्यात आमचा दादा. मला "चिमणे" म्हणून टपली मारणारा, वहिनीच्या चहाला नावं ठेवणारा.

निळ्यात मात्र...

निळ्यात तो ताठ बसतो. आवाज भलत्याच कोणाचा. मला विचारतो, "बाई, हे घर कोणाचं?"

"वहिनी, काहीतरी घाल ना त्यात! एवढी शिकलीस कशाला मग?" मी भांडलेसुद्धा.

"काय घालू गं? प्रत्येक फेरीत आतलं थोडं संपतं. वरून काही ओतलं तर आहे तेही जाईल." एवढं बोलून ती ढसाढसा रडली.

निळं लांबत चाललं. आधी क्षणभर असायचं, मग तासन्‌तास. परवा पिवळा उतरायला लागला, तसा दादाने माझा हात घट्ट धरला.

"चिमणे, काय बोलायचंय ते पटकन बोल."

मला मेलीला काही सुचेचना. म्हटलं, "जेवलास का?"

हसला तो. मग हात सुटला.

आज सकाळपासून बीकर निळाच आहे. वहिनी कपाटासमोरून हलत नाही. मी दादासमोर बसून हे लिहितेय, मधूनमधून त्याच्याकडे बघतेय.

आत्ताच त्याने विचारलं, अगदी अदबीने...

"बाई, तुम्ही कोणाची वाट बघताय?"