मनगटावरचा घट्टा

जेबेझ ड्रान्सफील्डच्या उजव्या मनगटावर अर्ध्या अक्रोडाएवढा घट्टा होता, आणि त्याच्यावर एक तिरपा व्रण. मणभर वजनाची कातर वर्षानुवर्षं चालवल्याखेरीज असा घट्टा येत नाही. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या खोऱ्यात लोकरी कापडाची लव कातरणारे भेटले की हात मिळवत नसत. एकमेकांचं मनगट चाचपत. घट्टा नसलेल्याला गुत्त्यातल्या त्यांच्या बाकावर जागा नसे.

व्हिटवम धन्याने पाणचक्कीवर चालणारं कातरयंत्र आणलं तेव्हा जेबेझ तोंडावर हसला. लाकडी चौकट, तिच्यात दोन कातरी, त्यांना रेटणारा एक ओकचा दांडा. बाकीचे कारागीर घरी बसले. यंत्राचं कापड तपासायला जेबेझ तेवढा राहिला. कारखान्याची किल्लीही त्याच्याकडेच.

त्यांच्यातला ईनस दर रविवारी विचारी, "दार कधी उघडतोस? घण तयार आहे. पोरं पातळ लापशीवर दिवस काढतायत माझी."

यंत्र फोडणाऱ्याला फाशी होती. पण जेबेझ भीतीचं नाव काढत नसे.

"त्या मोळीला घण? कशाला मान देतोस तिला! गाढवाने चरल्यागत कापड काढते. आपोआप मोडेल."

पण कापड सुधारत गेलं. एका सकाळी त्याला दिसलं, काठाशी येताना पातं किंचित उचललं जातंय. ती लकब त्याची होती. त्याने ती कुणाला शिकवली नव्हती.

दांड्यावर एक फुगवटा आला होता. ओलीने लाकूड फुगतं, तो स्वतःशी म्हणाला. बोटाने दाबलं तर दबलं. कोमटही होतं. घर्षणाने तापलं असेल.

पुढे चक्की दुरुस्तीसाठी बंद ठेवली, चाक कोरडं झालं. फुगवटा कोमटच होता. जेबेझ त्याच्यावर थुंकला.

त्या रविवारी गुत्त्यात ईनसने सवयीने त्याचं मनगट धरलं आणि सोडून दिलं.

"अरे, घट्टा कुठंय तुझा?"

"काम नाही तर घट्टा कसला? झिजला."

"आणि व्रण? व्रणही झिजतो होय रे? धन्याच्या बायकोचा हात बरा याच्यापेक्षा!"

बाकावरचे सगळे हसले. मग सरकून बसले, त्याला जागा उरणार नाही असे.

जेबेझ तडक कारखान्यात गेला. उन्हाची तिरीप दांड्यावर पडली होती. फुगवट्यावर एक तिरपा व्रण होता.

त्याने त्यावर नख रोवलं.

ते त्याच्या स्वतःच्या मनगटात रुतलं.

ईनस घरी लापशी खात होता. जेबेझने किल्ली त्याच्या ताटलीशी ठेवली आणि बाही वर केली.

"फोडा," तो म्हणाला. "पण आधी माझं मनगट फडक्याने करकचून बांध."