शिडीची खोली

लिंडेनफुर्टला मी पोचले तेव्हा द्राक्षतोडणी संपत आली होती आणि गावभर आंबलेल्या रसाचा वास होता. चौकातल्या खानावळीत डॉ. वेंडेलिन डोर्श माझी वाट पाहत बसले होते. ते गावाचे दंतवैद्य, आणि बुरुजातल्या छोट्या संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्षही. पुढ्यात कांद्याच्या केकचा भला मोठा तुकडा आणि नव्या, अजून फसफसणाऱ्या वाइनचा पेला.

"बसा, फ्राउ आमरहाइन. आधी खाऊन घ्या, वर गेल्यावर भूक मरते," ते म्हणाले. "माझ्या दवाखान्यातही तसंच होतं म्हणा. फरक एवढाच, की आमच्याकडे लोक आपल्या पायांनी येतात."

मी लाकडाचं वय सांगते. खोडातली वलयं भिंगाखाली मोजायची, कुठलं रुंद, कुठलं अरुंद ते जुन्या झाडांशी ताडून पाहायचं, की ते झाड कधी तोडलं ते कळतं. चर्चच्या तुळया, वाइनची पिंपं, कुणाच्या पणजीचं कपाट, असलं काम. या वेळी एक शिडी होती. साधी नव्हे. माणसाला तिच्यावर निजवून, हात वर बांधून, रहाटाने ताणायची शिडी.

गेर्नोट रॉइस नावाचा एक गृहस्थ छळाच्या हत्यारांचं फिरतं प्रदर्शन चालवायचा. त्याला ही शिडी हवी होती, पण खरी असेल तरच. असल्या प्रदर्शनांतला निम्मा माल फार नंतर, लोकांना घाबरवण्यासाठी म्हणूनच बनवलेला असतो, हे त्यालाही ठाऊक होतं. शिडी जुनी असल्याचं मी सांगितलं की ती त्याच्याकडे जाणार, असं नगरपरिषदेचं ठरलं होतं.

"तुमचं काय मत?" मी डोर्शना विचारलं.

"ती नकली निघाली तर मी तुम्हाला अख्खा केक बांधून देईन."

"का?"

त्यांनी पेला रिकामा केला. "चला," ते म्हणाले. "ऊन आहे तोवर वर उजेड बरा असतो."

बुरुजाचा जिना दगडी, मधोमध झिजलेला. वरची खोली गोल होती आणि तिला एकच खिडकी, तिच्यातून द्राक्षांचे उतार आणि मागे माइन नदीची वळणं दिसत होती. भिंतीला लोखंडी मुखवटे लटकत होते, त्यांतल्या एकाला गाढवाचे कान आणि वर घंटा. एका पेटीत अंगठे चिरडायचा पेच. कोपऱ्यात लाकडी खुंट्यांनी भरलेला रूळ होता. तो पाठीखाली सरकवायचे आणि त्याला कौतुकाने 'ससा' म्हणायचे. आणि मधोमध शिडी.

तिच्याकडे पाहून मी थबकले. भीतीने नव्हे. इतकं सुंदर सुतारकाम मी क्वचितच पाहिलं होतं. एकाही सांध्यात खिळा नव्हता. रहाटाचे दांडे हाताच्या मुठीत बसतील असे तासलेले. आणि कडा, सगळ्या कडा घासून गोल केलेल्या. रहाट फिरवणाऱ्यांच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून. ज्याने हे केलं त्याला आपलं काम मनापासून आवडत असणार. मी कडेवरून बोट फिरवलं आणि पटकन मागे घेतलं.

डोर्श खिडकीशी उभे राहिले. मी भिंग काढलं, छोटी ध्वनिमुद्रक डबी चालू केली आणि नेहमीप्रमाणे बोलायला लागले.

"डावा दांडा, ओक. वलयं स्पष्ट. सालीजवळचा भाग शाबूत. हा नमुना तपासायला द्यायचा आहे..."

पुढे रुपर्टचं नाव यायचं होतं. रुपर्ट माझ्या प्रयोगशाळेतला सहकारी, आम्ही वीस वर्षं एका टेबलावर बसतो. नाव आलं नाही.

माणूस विसरतो तेव्हा त्या जागी पोकळी जाणवते. इथे पोकळी नव्हती. त्याचा चेहरा, त्याचा खोकला, त्याच्या डब्यातल्या मुळ्याचा वास, सगळं होतं. नावसुद्धा होतं. ते घशापर्यंत यायचं आणि थांबायचं, दारात कुणी आडवं उभं राहावं तसं.

थकवा असेल. मी 'सहकाऱ्याकडे' असं म्हणून पुढे गेले.

थोड्या वेळाने उजेड कमी पडला. डोर्शना हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तेच झालं.

"अहो," मी म्हणाले, "जरा दिवा धरता का?"

त्यांनी दिवा धरला. माझ्याकडे निरखून पाहिलं. "आलं का लक्षात?"

"काय?"

"काही नाही. चालू द्या."

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. काम संपल्यावर मी पडताळून पाहिलं, लाकूड पडताळते तसं. गावांची नावं म्हणून पाहिली: वुर्ट्सबुर्ग, किट्सिंगेन. आली. झाडांची आली. राजांची, संतांची आली. मुलाचं नाव आलं नाही. आईचं आलं नाही. ती वृद्धाश्रमात होती, त्या सकाळीच आम्ही फोनवर बोललो होतो. वडिलांचं नाव मात्र सहज आलं. इतकं मोठ्याने की मीच दचकले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

खाली येऊन आम्ही भिंतीलगतच्या बाकावर उन्हात बसलो. खोलीचं दार ओलांडताच मी हळूच "योश्ट" म्हणून पाहिलं होतं. माझ्या मुलाचं नाव. आलं.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतंत." डोर्श हसले, पण नेहमीसारखे नाही. "इथे एक बाई होती. मेणबत्त्या करायची. चेटकिणी शोधायचे दिवस होते ते. शिडी तेव्हाच म्हातारी झाली होती, पण काम करत होती. आसपासच्या गावांत काय व्हायचं, एकीला धरायचे, ताणायचे, ती दहा नावं घ्यायची. मग ते दहा जण शिडीवर. पलीकडच्या खोऱ्यात अशी गावं होती जिथे स्वयंपाकाला बाई उरली नाही. आमच्याकडे पहिली धरली ती हीच."

"आणि?"

"आणि तिने एकही नाव घेतलं नाही. किती दिवस ते विचारू नका. ती वरच, त्या खोलीत वारली. पुढे धरायला कुणी नव्हतंच. नावच नाही तर धरणार कुणाला?" त्यांनी समोरच्या चौकाकडे हात केला. भाजीवाली, दोन म्हातारे, सायकलवरची एक मुलगी. "हे सगळे तिने न घेतलेल्या नावांचे वंशज आहेत. मीही."

"तिचं नाव काय होतं?"

"तेव्हा गावाला माहीत असणारच. पण पुढच्या पिढीला कुणी सांगितलं नाही. तिने आमची सांभाळली, आम्ही तिचं सांभाळावं, असं वाटलं असेल लोकांना."

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. किलियान डोर्श हे चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, पळून आलेल्या सैनिकांना गावात कोण लपवतंय हे विचारायला त्यांना वरच्या त्याच खोलीत नेलं होतं. तेव्हा खिडकी बुजवलेली होती, बाहेर आवाज जात नव्हता म्हणून.

"बाबा कोंबडीलासुद्धा घाबरायचे. त्यांना सगळ्यांची नावं ठाऊक होती. दात पाडले, बोटं मोडली, पण काही निघालं नाही. युद्धानंतर गावाने त्यांच्या नावाची पाटी लावली आणि बाबा त्या पाटीवरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने घरी यायचे. मला म्हणायचे, 'अरे, मी गप्प बसलोच नाही. पहिल्या फटक्यालाच सांगायला निघालो होतो. मी ओरडत होतो, आणि नाव येत नव्हतं.'"

मी वर, बुरुजाच्या खिडकीकडे पाहिलं.

"नंतर दर वर्षी ते वर जायचे. तीच नावं म्हणून पाहायचे. त्यांतलं कुणी वारलं की ते नाव यायला लागायचं. शेवटचं नाव आलं त्या दिवशी खाली येऊन त्यांनी कॉफी मागितली आणि खूप वेळ रडले. म्हणाले, 'आता माझ्याकडून कुणाला धोका नाही.'"

वलयांचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागलं. ते झाड याच नदीच्या उतारावर वाढलं होतं आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी तोडलं होतं. शिडी खरी होती. मला खोटं बोलता आलं असतं, आणि क्षणभर तसं मनातही आलं. पण मी खरं तेच सांगितलं. डोर्शनी मान हलवली, जशी ते किडका दात पाहून हलवत असतील.

रॉइस तासाभरात हजर झाला. गोरा, गुबगुबीत, बोलघेवडा माणूस. जिना चढतानाच त्याची टकळी चालू होती.

"पंधरावं शतक! बाई, तुमच्या हाताचं चुंबन घ्यायला हवं. लोक रांगा लावतील. लोकांना भीती हवी असते हो, पण बसायला गादी पाहिजे."

"जपून," डोर्श म्हणाले. "वर जरा कमी बोलावं."

"दंतवैद्यांना गप्प माणसं आवडतात, ठाऊक आहे मला."

खोलीत शिरल्यावर तो शिडीभोवती एक फेरी फिरला, आणि मग आम्ही नको म्हणायच्या आत बूट काढून तिच्यावर आडवा झाला. हात डोक्यावर ताणून रहाटाला लावले.

"चला, विचारा," तो डोर्शना म्हणाला. "तुमचे साथीदार कोण, असं दरडावून विचारा. मी सगळ्यांना विकतो. आधी बायकोला, मग मेव्हण्याला, तो तर याच लायकीचा आहे."

"उठा," डोर्श म्हणाले.

"विचारा तर खरं."

डोर्शनी विचारलं नाही. तरी रॉइसने तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं.

आधी तो हसला. मग पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा फुगल्या, ओठ हलले, जीभ टाळूला लागलेली मला दिसत होती.

बाहेर द्राक्षांच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. खोलीत काही नव्हतं.

त्याचे डोळे आमच्यावरून सरकले आणि स्वतःच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ, वीतभर वर, कशावर तरी थांबले.

तो झगडला नाही. हळूहळू त्याचा श्वास संथ झाला, आजारी मूल कुणी कुशीत घेतल्यावर होतो तसा. डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं.

आम्ही दोघांनी हात धरून त्याला उठवलं आणि खाली आणलं.

तो बाकावर बराच वेळ बूट हातात घेऊन बसला होता. डोर्शनी खानावळीतून ब्रँडी आणली. ती त्याने तशीच बाजूला ठेवली.

"कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवला होता," तो म्हणाला. "दाबला नव्हता. नुसता ठेवला होता."

"आम्ही कुणी तुमच्याजवळ नव्हतो," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. तो हात थरथरत होता. आणि बोटं..." त्याने आपला पंजा समोर धरला आणि बोटं वेडीवाकडी, आकसलेली करून दाखवली. "सरळ होत नव्हती. तरी ठेवला होता."

मला पेटीतला पेच आठवला, आणि ती मेणबत्त्या करणारी बाई.

"तुमची शिडी तुमच्याकडेच राहू द्या," रॉइस डोर्शना म्हणाला. बूट घालून तो गाडीकडे गेला. गाडीत बसल्यावर त्याने बायकोला फोन लावला आणि नुसतं तिचं नाव घेतलं. "इर्मेला," तो म्हणत होता. "नाही, काही नाही. इर्मेला."

माझं भिंग वर राहिलं होतं म्हणून आम्ही परत चढलो. खोलीत आता उन्हाची तिरीप शिडीवर पडली होती आणि गोल केलेल्या कडा मधासारख्या चमकत होत्या. मी आईचं नाव म्हणायचा प्रयत्न केला. आलं नाही. इतकं बरं वाटलं की मी तिथेच शिडीपुढे मान लववली. चर्चमध्येही मी कधी अशी झुकले नव्हते. डोर्शनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

उतरताना जिन्यात एक बाई भेटली. पन्नाशीची, अंगात अजून दुकानातला ॲप्रन. डोर्श भिंतीला चिकटून उभे राहिले आणि तिला वाट दिली. "जा, ग्रेटलिंडे," ते हळूच म्हणाले. ती आमच्याकडे न पाहता वर गेली.

"गावातले लोक असे येतात?" मी खाली आल्यावर विचारलं.

"ज्यांचं माणूस दूर असतं ते येतात. नाव निघालं नाही की हसत खाली येतात, घरी जाऊन केक करतात." त्यांनी वर पाहिलं. "हिचा नवरा डोंगरात गेलाय, आल्प्सकडे. रविवारी यायचा होता. शोधपथकं फिरताहेत."

मी निघायला हवं होतं. दोघंही हललो नाही.

वर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. डोर्शच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. त्यांनी सिगारेटसाठी खिसा चाचपला.

मग खिडकीतून एक नाव आलं. पुरुषाचं, आडनावासकट, कुठेही न अडखळता.

आणि लगेच पुन्हा तेच नाव, या वेळी नुसतं पहिलं, हळू आवाजात, जेवायला बोलावतात तसं.