तिसरीचा भूगोल

"दोनशे सत्तेचाळीस, दोनशे अठ्ठेचाळीस..."

नागऱ्याच्या शिवमंदिराभोवती मी पावलं मोजत चालले होते. कोपरा वळले, तर समोरून कुणीतरी तसंच पुटपुटत येत होतं — "एकशे एकोणनव्वद, एकशे नव्वद..."

दोघंही थांबलो. दोघंही आकडे विसरलो.

"तुमच्यामुळं भुललो मी," तो म्हणाला. उंच, सावळा, शर्टाच्या खिशावर शाईचा निळा डाग.

"अन् मी कोनामुळं भुलली?"

"मंग परत मोजू. तुम्ही तिकडून, मी इकडून. या वेळेस मनातल्या मनात."

"मनातलं मोजता येते का तुम्हाले?"

"अजून तं जमलं नाई..." असं म्हणून तो हसला, आणि मला उगाचच वहीत बघावं लागलं.

डिसेंबर १९९९ होता. गोंदिया जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तिसरीच्या भूगोलात मात्र आमची मुलं अजून भंडारा जिल्हाच शिकत होती. नव्या जिल्ह्याचे धडे काही शिक्षकांनी मिळून तयार करायचे, त्यासाठी चार शनिवार गोंदियात बसायचं, असं ठरलं होतं. येताना प्रत्येकानं एखाद्या जागेचा पावलांनी मोजून केलेला नकाशा आणायचा होता. म्हणून मी त्या रविवारी कुडव्याहून लुनावर नागऱ्याला आले होते. तोही त्याचसाठी आला होता, हे मला शनिवारी कळलं.

"नागऱ्याचे दोन नकाशे आलेत," मार्गदर्शक गुलाबचंद गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि दोन्हीत मंदिर वेगवेगळ्या आकाराचं आहे. बिसेन मॅडम, मेश्राम सर, तुम्ही एका गटात बसा."

रत्नपाल मेश्राम. सौंदडच्या शाळेतला.

आमचं पहिल्याच धड्यावरून वाजलं. मला जिल्ह्याच्या सीमेपासून सुरुवात हवी होती — मग आठ तालुके, मग नद्या. त्याला मुलाच्या अंगणापासून.

"सौंदडच्या पोराले सालेकसा तालुका काऊन माहीत असन, मॅडम? त्याले त्याच्या बापाच्या धानाचा बांध माहीत हाये."

"मंग पेपरात बांध लिहिन का तो?"

"लिहिन. तुम्ही मार्क द्याल का, ते सांगा."

भांडत भांडत धडा झाला. आधी अंगण, मग बांध, मग चुलबंद नदी, मग तालुका. सीमा शेवटी. माझी सीमा शेवटी गेली याचं मला वाईट वाटायला हवं होतं... वाटलं नाही.

मधल्या सुटीत तो पेरूचे दोन तुकडे करायचा, हातावर धरायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा. मी लहान तुकडा उचलायची. तिसऱ्या शनिवारी मी मोठा उचलला. पण त्याचं लक्षच नव्हतं.

"आज बोलून नाई राहिले काही?" मी विचारलं.

"विकल्पाचा फॉर्म आला. जिल्हा फुटला ना, आता मास्तरांचीबी वाटनी. भंडारा का गोंदिया, एक लिहाचं." तो थांबला. "माय भंडाऱ्याकडं लाखनीले एकटी रायते. डोळे गेल्यातच जमा हायेत. भंडारा लिहून राहिलो मी."

"बरोबरच हाये," मी म्हणाले.

"तुम्ही असंच म्हनान, माहीत होतं."

"मंग तोंड काऊन उतरलं?"

बराच वेळ तो पेरूच्या बिया बोटानं बाजूला करत बसला. "'जाऊ नका' म्हनान... अशीबी आशा होती."

आम्ही पोवार, तो बौद्ध. आमच्या भावकीत असं लग्न कुणी केलं नव्हतं. चुलत बहिणीनं परजातीतल्या मुलाचं नुसतं नाव काढलं, तर घरच्यांनी तिची शाळा सोडवली होती. मी कमावती होते, सव्वीस वर्षांची होते, तरी घरी जाताना मी लुना मुद्दाम हळू चालवली.

बाबा ओसरीवर बियाण्याचं धान निवडत होते. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. जातही सांगितली.

त्यांचे हात थांबले. आई दारात येऊन उभी राहिली.

"पोरगा तुले तिकडं बलावते का?"

"नाई. तो मायसाठी चालला. मले काई मागतलं नाई त्यानं."

बाबांनी पुन्हा सूप हातात घेतलं. धान पाखडत म्हणाले, "मी तुह्या लग्नाले येनार नाई, दुर्गा. मले याच लोकायत रायचं हाये. पन तुले अडवनारबी नाई."

त्या रात्री मी रडले. आनंदानं की दुःखानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

चौथ्या शनिवारी गुरुजींनी आमचे धडे मंजूर केले. सगळे चहाला गेले. रत्नपाल कागद गोळा करत होता.

"फॉर्म दिला?"

"दिला."

"मंग मले एक अर्ज लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाये."

"कायचा?"

"बदलीचा. गोंदियातून भंडाऱ्यात. कारन — पती-पत्नी एकत्रीकरन."

त्यानं पेनाचं टोपण काढलं, दोन शब्द लिहिले, आणि पेन तिथंच थांबलं. कानापर्यंत लाल झाला होता तो.

"मॅडम... त्याले लग्नाचा दाखला जोडा लागते."

"माहीत हाये मले."

"अन् तुमचे बाबा?"

"येनार नाईत. आई येतो म्हनते."

तो बाकावर बसला. मान खाली. बोटांनी डोळे पुसले, तर निळी शाई गालाला लागली. मी पदराचं टोक ओलं करून त्याच्यापुढं धरलं... आणि मग स्वतःच पुसलं.

मार्चमध्ये आम्ही नोंदणी लग्न केलं. आईनं साक्षीदार म्हणून वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. बाबा दोन वर्षं बोलले नाहीत, मग हळूहळू बोलू लागले. बदलीला तीन वर्षं लागली. तोवर दर शनिवारी शाळा सुटली की मी लाखनीची बस धरायची.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्याची आई अंगणात चटईवर बसली होती. तिनं माझा हात धरून मला खाली ओढलं, माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. मग मुलाच्या दिशेनं मान वळवून विचारलं, "भांडते म्हनत होता, ते हेच का?"

"हेच," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली आणि सरकून तिनं मला चटईवर जागा करून दिली. "घरात बोलाले कोनी नोयतं."