तिच्या नावाचं अत्तर

कुणाला पटो न पटो, मी हे जसं घडलं तसंच सांगणार आहे. जिच्या बाबतीत घडलं ती तेजश्री आमच्या नात्यातली. आजही आष्टीजवळच्या कडा गावातच राहते. आजही तिच्या अंगाला तो वास येतो.

रात्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची आहे. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी होती आणि ऊन असं, की अंगणात पाय ठरत नव्हता.

तेजश्री ही अमरसिंहची दुसरी बायको. पहिली शिवकन्या, काविळीने गेली. अमरसिंह गावच्या राजकारणातला माणूस. घरची बागायत, दाराशी सतत माणसांचा राबता. तेजश्रीला तिथे कशाची म्हणून कमी नव्हती.

फक्त नवरा तेवढा मिळत नव्हता.

म्हणजे माणूस घरात होता. आवाज चढवत नव्हता, हवं नको ते आणून देत होता. पण रोज सकाळी पांढरे कपडे चढवले की तो कपाट उघडायचा. आतून एक काचेची कुपी काढायचा. कापसाच्या फायाला नावापुरतं अत्तर लावून तो फाया कानात खोचायचा...

आणि डोळे मिटून उभा राहायचा.

खसाचं, म्हणजे वाळ्याचं, अत्तर होतं ते. शिवकन्येचं आवडतं. बीडच्या उरसात दहा कुप्या हुंगून तिने ही एक निवडली होती म्हणे. ती गेल्यावर अमरसिंहने दुसरीकडचा खस आणून पाहिला, पण त्याला 'तो' वास नव्हता. म्हणून ही कुपी तो जपून वापरायचा. तेजश्रीला हात लावू द्यायचा नाही.

बैठकीत शिवकन्येचा फोटो होता. त्याचं तेजश्रीला काही वाटायचं नाही. फोटो काय, फडक्याने पुसला की झालं. वासाला कसं पुसणार? तो नवऱ्याच्या उशीला होता, सदऱ्याला होता, त्याच्या मानेला होता. रोज आपल्या अंथरुणात सवत येऊन झोपते, असं तिला वाटायचं आणि तिचा जीव जळायचा.

मग तिने सेंट मागवायला सुरुवात केली.

पहिला गुलाबाचा. अमरसिंह म्हणाला, अगरबत्ती लावलीय का? दुसरा कुठलासा महागडा, मोबाईलवरून मागवलेला. त्याला तो दवाखान्यासारखा वाटला. तिसऱ्याने म्हणे सलूनात बसल्यासारखं वाटत होतं. ती हट्टाला पेटली. एका मनगटावर नवा सेंट आणि नाकात नवऱ्याच्या सदऱ्याचा खस, अशी ती तासन्‌तास तुलना करत बसायची. शेवटी तिच्या भावाने पुण्याहून एक बाटली आणली. संत्र्याची साल सोलताना येतो तसा वास, आणि मागून खव्यासारखा गोडवा. तेजश्रीला तो इतका आवडला की तिने ठरवूनच टाकलं, हा माझा.

तो लावून ती नवऱ्यापुढे गेली. त्याने हुंगलं, "बरा हाय" म्हणाला आणि कानातला फाया काढून पुन्हा एकदा नाकाला लावला.

त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली.

अविधवा नवमीला त्या घरात शिवकन्येच्या नावाने सवाष्ण जेवू घालायचे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी सगळीकडेच घालतात. तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, साडी द्यायची. या घरात आणखी एक होतं. अमरसिंह त्या दिवशी स्वतःहून कुपी बाहेर काढून ठेवायचा, आणि सासूबाई वत्सलाबाई सवाष्णीच्या हाताच्या पाठीवर ते अत्तर लावायच्या. दरवर्षी शेजारची मंगल यायची. जे अत्तर घरच्या सुनेला मिळत नाही ते शेजारणीला मिळतं, हे तेजश्री वाढता वाढता पाहायची.

त्या वर्षी पान वाढून झालं आणि मंगलचा फोन आला. तिची अडचण आली होती, येता येणार नव्हतं.

अमरसिंह आष्टीला सभेला गेलेला. गावातल्या साऱ्या सवाष्णी आधीच कुणाकुणाकडे ठरलेल्या. वत्सलाबाई कासावीस झाल्या. वाढलेल्या पानावरून खिरीची वाफ निघत होती. बाजूला कुपी.

तेजश्री म्हणाली, "आत्या, मी बसते."

"येडी का गं तू? सवतीच्या पाटावर बसत्यात व्हय?"

"कावून? मी सवाष्ण न्हाई का?"

"तिच्या नावाचं पान हाय ते, पोरी."

पण तेजश्री पाटावर जाऊन बसलीसुद्धा. नैवेद्य तिने रांधला होता, साडी तिने निवडली होती. तिची नजर फक्त कुपीवर होती. वत्सलाबाईंचा नाइलाज झाला. त्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली, तिच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावलं.

गार लागलं ते. विहिरीच्या तळाच्या पाण्यासारखं.

ती जेवली. सगळं पान संपवलं. जेवण झाल्यावर विचारायची त्या घरची रीत होती. वत्सलाबाईंनी विचारलं, "भरलं का गं पोट?"

यावर सवाष्णीने म्हणायचं असतं, 'तिचं भरलं.' म्हणजे पान गेलेल्या बाईला पोचलं. मंगल दरवर्षी तसंच म्हणायची. तेजश्रीला ते पाठ होतं. पण 'तिचं' हा शब्द तिच्या तोंडून निघेना. इथेही तिचंच? आज पाटावर मी आहे, हात माझा आहे, अत्तर मला लागलंय.

ती म्हणाली, "माझं भरलं."

वत्सलाबाईंच्या हातातला तांब्या तिथेच थांबला.

बाहेर लिंबावर साळुंक्या कलकलत होत्या. त्या गप्प झाल्या...

बाकी काहीच झालं नाही. तेजश्रीने उष्टं काढलं, भांडी घासली. साबणाने हात धुतले तरी खस जाईना. जाऊ दे, म्हणाली, आज दिवसभर राहील. मग ती माठातलं पाणी प्यायला गेली.

पाण्याला खसाचा वास होता.

माठात वाळा टाकला का, असं तिने सासूला विचारलं. त्यांनी टाकला नव्हता. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उन्हाळ्यानंतर गच्चीवर नेऊन ठेवलेला होता. तरी खोलीत ओलसर गारवा होता, आणि वास...

तो तिच्याबरोबर फिरत होता.

तिने कपाटातून संत्र्याची बाटली काढली आणि मानेवर मारली.

खस.

गुलाबाचा काढला. खस. एकेक करून सगळ्या बाटल्या हुंगल्या. सगळ्यांना तोच वास. शेवटी तिने शिवकन्येची कुपी उघडली आणि नाकाशी नेली.

कुपीला वासच नव्हता. आत नुसतं तेल असावं तशी.

संध्याकाळी अमरसिंह आला. उंबऱ्यातच थबकला. मग कधी नव्हे तो चपला काढून थेट स्वयंपाकघरात आला. तेजश्री भाकरी थापत होती. तो तिच्याजवळ खाली बसला, पिठाने भरलेला तिचा हात त्याने हातात घेतला आणि हाताची पाठ नाकाला लावली. त्याचे डोळे भरून आले होते.

म्हणाला, "कुठं गेलतीस इतके दिस?"

तव्यावरची भाकरी करपली, पण कुणी उलटली नाही.

त्या दिवसापासून त्याने कपाटातल्या कुपीला हात लावला नाही. फाया बंद झाला. आता तो लवकर घरी येतो, आल्या आल्या तिच्या शेजारी बसतो, सभेतलं सगळं तिला सांगतो, येताना गजरा आणतो. गाव म्हणतं, नशीब काढलं पोरीने. हवं होतं ते सगळं तिला मिळालं. आणि तो तिचा हात नाकाशी नेतो तेव्हा ती त्या हाताकडे पाहत राहते. स्वतःच्याच हाताचा मत्सर वाटणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे.

नगरला नेऊन दुकानात तिला मीच सेंट दाखवले. एकाच बाटलीतला सेंट दुकानातल्या मुलीच्या मनगटावर मोगरा होता. तेजश्रीच्या मनगटावर खस.

पुढच्या वर्षीची नवमी आली. या खेपेला मंगल वेळेवर आली, पाटावर बसली. वत्सलाबाईंनी ती कुपी काढली. वर्षभर कुणी उघडली नव्हती. त्यांनी मंगलच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावलं. मंगलने हात नाकाशी नेला आणि हसली.

"वयनी, हे तर तुमचं हाय की. ते संत्र्याचं."

तेजश्रीने पुढे होऊन कुपी हुंगली. तिला काहीच कळेना. तिच्या नाकात खसाशिवाय काही शिरतच नव्हतं. पण वत्सलाबाईंना वास आला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाईघाईने वाढलं. मंगल खाली मान घालून जेवली.

"भरलं का गं पोट?" वत्सलाबाईंनी विचारलं.

मंगल नेहमीसारखं म्हणाली, "तिचं भरलं."

सवाष्ण जेवल्याशिवाय घरची सून जेवत नाही. तेजश्रीने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती...

तिला पोटभर जेवल्याचा ढेकर आला.

वत्सलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नजर वळवून त्या पान उचलू लागल्या. त्या दिवशी तेजश्रीने स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही, आणि तिला जेव म्हणून कुणी म्हणालंही नाही.