एक हिवाळा जाऊ दे

लोकांची आधी नजरानजर होते म्हणतात. आमच्या बाबतीत आधी त्याच्या कानठळ्या बसल्या.

हिवाळी गव्हाची शिवारफेरी होती. थंडीच्या तोंडाशी पेरलेला, बर्फाखाली निजून उठलेला गहू कमरेला लागला होता आणि रंग हिरव्याकडून पिवळ्याकडे झुकायला लागला होता. दरवर्षी या दिवसांत आसपासचे गहूवाले संशोधन केंद्राच्या शेतावर जमायचे. ट्रॉल्यांमध्ये काडाचे गठ्ठे टाकलेले असायचे. त्यांवर दाटीवाटीनं बसून सगळे एका वाणाकडून दुसऱ्या वाणाकडे फिरायचे आणि प्रत्येक थांब्यावर एक तज्ज्ञ बोलायचा. गव्हातून जाणारी वाट एकच, तीही एका ट्रॉलीपुरती. त्यामुळे बोलायची वेळ संपली की भोंगा वाजायचा आणि सगळ्या ट्रॉल्या एकदम पुढच्या थांब्याकडे निघायच्या.

तो भोंगा माझ्या हातात होता. मी उत्पादक संघाच्या कचेरीत कामाला होते आणि एक ट्रॉली बाबा चालवायचे, म्हणजे घरचंच कार्य! मी ऐटीत बटण दाबलं... आणि माझ्या मागे कुणीतरी चक्क किंचाळलं.

वळून बघते तर एक उंच, चष्मेवाला तरुण कानावर हात दाबून उभा. हातातली रोगट पानांची जुडी चिखलात पडलेली.

"अहो, सांगून तरी वाजवायचा!"

"सांगून वाजवायचा तर भोंगा कशाला? नुसतं सांगितलंच असतं."

तो हसला. मग आम्ही दोघं वाकून पानं गोळा करायला लागलो. माझ्या बोटांना नारिंगी भुकटी लागली.

"जपून... तांबेरा आहे तो."

"माणसांनाही लागतो की काय?"

"अजून तरी ऐकलं नव्हतं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी उगाचच ओढणीला बोटं पुसली. तो डाग पुढे कितीतरी धुण्यांत गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो घासलाही नाही.

तो केंद्रात नवाच आलेला, पिकांच्या रोगांचा तज्ज्ञ. लोकांनी दुपारच्या आत त्याचं 'तांबेरासाहेब' असं बारसं करून टाकलं. ज्ञान अफाट, पण वेळेचं भान शून्य. तो बोलायला लागला की बांधावरून निघून थेट ढगांपर्यंत जायचा. "आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे —" असं म्हणायचा, आणि नेमका भोंगा वाजायचा. प्रत्येक ट्रॉलीपुढे तेच. पुढच्या वर्षीही तेच. मग लोक त्या वाक्याचीच वाट बघायला लागले. पुढच्या गठ्ठ्यावर बसणाऱ्या मावशी आधीच शेजारणीला कोपरखळी मारायच्या. या मावशी माझ्या एकटीच्या नव्हेत, अख्ख्या शिवाराच्या.

"तुमचं माझ्याशी काही वैर आहे का हो?" त्यानं एकदा विचारलं.

"घड्याळाशी तुमचं वैर आहे. मी मधल्यामध्ये बदनाम."

एरवी तो कचेरीत यायचा. कुठे रोग दिसला का, हे विचारायला. फोनवर विचारता आलं असतं, पण तेवढ्यासाठी तो स्वतः यायचा आणि चहा संपला तरी रिकामा कप हातात धरून बसायचा. एकदा तर भर थंडीत आला, शेतं पांढरीशुभ्र असताना. आमचे सेक्रेटरी चष्म्यावरून बघत म्हणाले, "साहेब, बर्फात कुठला आलाय तांबेरा?"

"सावध असलेलं बरं," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

तिसऱ्या वर्षी फेरीच्या सकाळीच सेक्रेटरींनी मला सांगितलं, तांबेरासाहेबांची बदली झाली. लांब, दुसऱ्या टोकाला. या आठवड्यात निघणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके चहा प्यायला, आणि ही बातमी मला सेक्रेटरींच्या तोंडून कळावी?

थांब्यावर गाठलंच मी त्याला. "जाताय म्हणे."

"हो... म्हणजे... सांगणार होतो."

"कधी? तिकडे पोचल्यावर?"

"आज. फेरी संपली की... तुम्ही थांबाल ना?"

मी नुसतं घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात मावशींची ट्रॉली येऊन उभी राहिली. पाऊस भुरभुरत होता, लोकांनी डोक्यावर ताडपत्री धरली होती. तो बोलायला लागला, नेहमीसारखा पसरट. वेळ भरत आली. "आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे —" आणि सवयीनं थांबला. माझ्याकडे बघितलं. ट्रॉलीतल्या सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

माझा अंगठा बटणावर होता. मनात आलं, हे दाबलं की ट्रॉली जाणार, मग हा जाणार, आणि फेरी संपल्यावर हा धीराचा पुतळा 'बरंय, येतो' एवढंच म्हणणार. मी अंगठा काढून घेतला.

ताडपत्रीवर पावसाची टपटप तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे..." तो पुन्हा म्हणाला.

"बोला की साहेब," मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं त्या मुद्द्यासाठी ताटकळलोय आम्ही."

"पुढचं... पुढचं मला येतच नाही हो," तो अगदी केविलवाणा होऊन म्हणाला. "तिथवर मी कधी पोचलोच नाही. यांनी पोचूच दिलं नाही." हशा पिकला. त्यानं चष्मा काढून पुसला, आणि फवारणीचं प्रमाण सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मुद्दा असा की माझी बदली झाली आहे... आणि मला एकट्याला जायचं नाही."

मी लाजेनं गव्हात शिरायचीच बाकी होते. तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा हॉर्न बोंबलला. बाबा घड्याळाचे पक्के. भोंगा वाजला नाही तरी वेळ झाली म्हणून ते निघाले होते, आणि आता मावशींच्या ट्रॉलीला मागून नाक लावून उभे होते.

"भोंग्याला काय झालं गं?" ते ओरडले.

"थांब जरा!" मावशींनी उभं राहून आरोळी दिली. "तुझ्या पोरीला मागणी घालतायत!"

बाबांनी हॉर्नवरचा हात काढला. संध्याकाळी त्यांनी त्याला घरी बोलावलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघं बसलो. बाबा बराच वेळ कपातला चहा हलवत राहिले. मी गेले तर या टेबलाशी ते एकटे बसणार, हे मला त्या चमच्याच्या आवाजातसुद्धा ऐकू येत होतं.

"गव्हाला थंडी लागते," ते म्हणाले. "थंडी खाल्ली नाही तर नुसता पाला वाढतो, ओंबी धरत नाही. एक हिवाळा जाऊ दे. तू तिकडे, ही इकडे. फोन नाही, निरोप नाही. पेरलेलं उकरून बघायचं नसतं. पुढच्या फेरीला बोलू."

"चालेल," तो म्हणाला. इतक्या पटकन चालेल म्हणाला म्हणून मला त्याचा रागच आला.

तो हिवाळा... नको बाई. कचेरीचं दार वाजलं की मान आपोआप वर व्हायची. दूध उतू जायचं, मी शेजारी उभी असून. बाबांना कळू नये म्हणून भांडी घासताना मुद्दाम गुणगुणायचे. खिडकीबाहेर बर्फाखाली गहू निजलेला, आणि मला झोप नाही. येईल ना तो? की तिकडे कुणी दुसरी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत असेल?

पुन्हा ओंब्या भरल्या, पुन्हा फेरी आली. नवा तज्ज्ञ अगदी वेळेत संपवायचा, आणि त्याचं एक अक्षर मला आठवत नाही. एक ट्रॉली आली, दुसरी आली. तिसरीत, मावशींच्या शेजारी, काडाच्या गठ्ठ्यावर एक वाळलेला, दाढी वाढलेला चष्मेवाला बसला होता.

"आलास?" माझ्या तोंडून पहिल्यांदाच अरे-तुरे निघालं.

"आलो. फार... फार लांबला गं हा हिवाळा."

मी धावत बाबांच्या ट्रॅक्टरकडे गेले. "बाबा, तो आला! काढला त्यानं हिवाळा!"

बाबांनी इंजिन बंद केलं. "त्याचं मी विचारलंच कुठे? तो येणार हे मला तेव्हाच दिसलं होतं. तुझा कसा गेला, ते सांग."

'छान' हे उत्तर तयार होतं. इतके महिने गुणगुणून तयार केलेलं. पण ते ओठांवर येईना.

"वाईट गेला, बाबा. घर खायला उठायचं."

"मी असूनसुद्धा?"

त्यांच्याशी खोटं बोलावंसं वाटलं, फार वाटलं.

"तुम्ही असूनसुद्धा."

त्यांनी मान हलवली. हात लांबवून एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून दाणे तोंडात टाकले आणि उगाचच चावत राहिले.

"मग जा, पोरी," ते म्हणाले. "असं असताना माझ्यासाठी राहिली असतीस, तर मला ते जन्मभर जड गेलं असतं."

मी त्यांच्या गळ्यात पडून ट्रॉलीभर लोकांदेखत ढसाढसा रडले. मावशीही रडल्या, आणि तांबेरासाहेब नक्की कुणाला समजवावं ते न कळून तसेच उभे राहिले.

आता बाबा नाहीत. नवरा मुलांना त्या पावसातल्या फजितीची गोष्ट सांगतो, दर वेळी थोडी अधिक लांबवून, आणि मुलं लोटपोट हसतात. मीही हसते. पण आमचं लग्न कुठे ठरलं असं कुणी मला विचारलं, तर मी ट्रॅक्टरपाशी असते, आणि बाबा विचारत असतात, "मी असूनसुद्धा?"