सर्वोत्तम प्रशिक्षकाचं पाकीट

निवेदकाने ते पाकीट स्वतःच्या हाताने डावऱ्याला दिलं होतं. त्या दुपारबद्दल कुणी विचारलं की तो आजही याच वाक्यापासून सुरुवात करतो.

व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेचा वार्षिक पुरस्कार समारंभ होता. मैदानाला लागूनच असलेल्या सभागृहात चारशे माणसं बसली होती. एरवी अर्ध्या विजारीत वावरणारे खेळाडू कोट घालून अवघडून बसले होते. सर्वोत्तम खेळाडू झाला, दुखापतीतून परतलेला खेळाडू झाला, खिलाडूवृत्तीचा पुरस्कार झाला. शेवटचा राहिला होता वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक. यासाठी प्रशिक्षकच मतं देतात आणि निकाल एकट्या चिटणिसांना माहीत असतो.

पाकीट उघडण्याचा मान डावऱ्याला होता. सत्तेचाळीस वर्षांचा, एके काळचा दुहेरीतला विजेता, आता संघटनेचा पदाधिकारी. डावऱ्या हाताने खेळायचा म्हणून नाव पडलं ते पडलंच. पडद्यामागे त्याने कार्यक्रमपत्रिका हात लांब करून धरली, डोळे बारीक केले आणि शेवटी निवेदकाच्याच हातात दिली. चष्मा गाडीत राहिला म्हणाला, माझा नंबर कितवा ते वाच ना जरा. निवेदकाने वाचून दाखवलं.

पाकीट पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. झाकणाच्या जोडावर चिटणिसांची आडवी सही होती आणि ती कुठेही तुटलेली नव्हती. डावऱ्याने निवेदनाच्या मेजामागे उभं राहून ते टर्रकन फाडलं, आत पाहिलं आणि थांबला. लोकांना ताटकळत ठेवतोय, असं निवेदकाला वाटलं.

मग डावरा वाचू लागला.

"आज हा मान ज्यांना मिळतो आहे, त्यांनी अठरा वर्षांपूर्वी उपांत्य सामन्याच्या दिवशी आपल्या शिष्याच्या दुखऱ्या खांद्यात दोनदा बधिर करणारं इंजेक्शन टोचायला लावलं. पहिलं सकाळी, त्याला सांगून. दुसरं, खेळ थांबला होता तेव्हा, जीवनसत्त्व आहे असं खोटं सांगून. त्या खांद्याने पुन्हा कधी सर्व्हिस केली नाही. सर, हा पुरस्कार तुमचा."

पहिल्या रांगेत सर, म्हणजे डावऱ्याचे जुने प्रशिक्षक, नाव आपलंच असणार या खात्रीने कोटाचं बटण लावत आधीच अर्धे उठले होते. ते तसेच अर्धे राहिले. निवेदकाने ध्वनिक्षेपक उचलला आणि परत खाली ठेवला. पंधरा वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदाच झालं.

सभागृहाच्या मागच्या दाराशी एक माणूस उभा होता. रॅकेटला तार भरणारा म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणत. अठरा वर्षांपूर्वीचा तो शिष्य हाच, हे जुन्या लोकांना माहीत होतं. निवेदकाने पाहिलं, तारवाल्याने उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीला पाठ घासत तो खाली बसला.

डावरा मंचावरून उतरला. धावत आलेल्या चिटणिसांच्या हातात त्याने कागद दिला आणि बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला. चिटणिसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अर्ध्या तासाची विश्रांती जाहीर करा, एवढंच ते निवेदकाला म्हणाले.

निवेदकाच्या पासवर त्या दिवशी त्याची मावशी आली होती. तीस वर्षं तिने विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले होते, आणि निवृत्तीनंतर खासगी तपासाची कामं घेत होती. ती गर्दीतून वाट काढत आली. भाच्याचा चेहरा बघून तिने आधी त्याला पाणी प्यायला लावलं आणि मग चिटणिसांना विचारलं की मी काही मदत करू का. चिटणिसांनी बुडत्या माणसासारखा तिचा हात धरला.

चिटणिसांच्या खोलीत मेजावर दोन वस्तू होत्या. फाडलेलं रिकामं पाकीट आणि तो कागद. कागद तळहाताएवढा, पातळ, मधोमध घडी पडलेला. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर छापलेला होता. मावशीने तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, पाकीट वाकवून पाहिलं आणि दोन्ही जागच्या जागी ठेवलं.

चिटणिसांच्या मते प्रश्न सुटलेलाच होता. काल संध्याकाळी त्यांनी नाव पाकिटात घालून सही केली आणि पाकीट कपाटात ठेवलं. कपाट समोरच्याच दालनात. त्याच्या बाजूला तारवाल्याची कामाची खोली, आणि दालनाची जादा किल्ली त्याच्याकडे. आज सकाळी तो कपाटाजवळ घुटमळताना त्यांनी स्वतः पाहिला होता. सहीची नक्कल करायला कितीसा वेळ लागतो? आणि एवढा राग दुसऱ्या कुणाला असणार?

"आत नाव कसं लिहिलं होतं?" मावशीने विचारलं.

नेहमीसारखं, चिटणीस म्हणाले. जाड पुठ्ठ्यावर, बोटाएवढ्या ठळक अक्षरांत. प्रखर दिव्यांखाली कुणी अडखळू नये म्हणून. नाव सरांचंच होतं. पुठ्ठा अर्थातच ज्याने कागद घातला त्याने काढून घेतला.

"आणि पाकीट डावऱ्याने उघडायचं, हे कुणी ठरवलं?"

त्याने स्वतःच मागून घेतलं होतं. सरांचा लाडका शिष्य, कदाचित आपल्याच गुरूचं नाव वाचायला मिळेल म्हणाला. बिचाऱ्याच्या नशिबी काय आलं बघा, असं म्हणून चिटणिसांनी कपाळाला हात लावला.

मग सर आले. अडुसष्ट वर्षांचे, ताठ कण्याचे. ते बसले नाहीत. हा निव्वळ खोडसाळपणा आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं, मुलाच्या संमतीने दिलं होतं, ते कुणापासून लपलेलं नाही. दुसरं वगैरे काही नव्हतं. डॉक्टर पाच वर्षांपूर्वी गेले, नाहीतर त्यांनीच सांगितलं असतं. आपल्याच जुन्या शिष्यावर पोलिसात जायची वेळ येऊ नये, म्हणून तारवाल्याला आजच्या आज कामावरून काढा, एवढीच त्यांची मागणी होती. हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. निवेदकाला ते खरे वाटले.

तारवाला आला तेव्हा त्याच्या हातात तार कापायची पक्कड तशीच होती. सकाळी कपाटाजवळ काय करत होतास, असं चिटणिसांनी विचारलं. रिळांचा खोका तिथे ठेवला होता तो न्यायला आलो, एवढंच तो म्हणाला. पुढे काही विचारलं की तो प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी उलट विचारायचा.

"दुसरं कोणतं?" तो म्हणाला. "दुसरं इंजेक्शन कोणतं?"

टाळाटाळ करतोय, असं निवेदकाला वाटलं. मावशीने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "त्या दिवशी खेळ कशाने थांबला होता?"

दिवे गेले होते, तो म्हणाला. चाळीस मिनिटं. सकाळचं इंजेक्शन उतरत आलं होतं आणि हात वर जाईना. सामना सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं होतं. मग डॉक्टरांनी ताकदीचं म्हणून काहीतरी टोचलं आणि एकदम बरं वाटलं. पुढे दोन तास तो खेळला, जिंकलाही. रात्री खांद्यातला स्नायू हाडापासून सुटलेला निघाला.

"मीच हट्ट केला होता खेळायचा," तो म्हणाला. "अठरा वर्षं मी स्वतःलाच बोल लावतोय."

"कपडे बदलायच्या खोलीत कोण कोण होतं?"

"सर, डॉक्टर आणि माझा दुहेरीतला जोडीदार. त्यानेच माझा हात धरला होता."

जोडीदार म्हणजे डावरा. दोघं सहा वर्षं एका खोलीत राहिले होते.

तारवाला बाहेर गेल्यावर चिटणिसांनी बडतर्फीचं पत्र लिहायला कागद ओढला. मावशीने लेखणीवर हात ठेवला. सगळ्यांना एकत्र बोलवा म्हणाली, मग हवं तर लिहा.

सगळे आले. सर खिडकीशी उभे राहिले, तारवाला दाराशी. डावरा मेजासमोर बसला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. धक्का आपल्या सगळ्यांनाच बसलाय, निवेदक मनात म्हणाला, पण यालाच वाचावं लागलं.

"मला आधी एकच गोष्ट समजेना," मावशी म्हणाली. "कागदावर लिहिलंय, आज हा मान ज्यांना मिळतो आहे. लिहिणाऱ्याला निकाल कसा कळला? चिटणिसांखेरीज कुणालाच माहीत नव्हता. सकाळी पाकीट फोडून बघून, मग मजकूर छापून, सही गिरवून परत ठेवायचं म्हटलं तर तारवाल्यांना छापखाना खिशात घेऊन फिरावं लागलं असतं." ती भाच्याकडे वळली. "पाकीट तुझ्या हातात होतं. कसं लागलं?"

"ताठ," निवेदक म्हणाला. "पुठ्ठ्यासारखं."

"आता हे बघ." तिने तो पातळ कागद फाटक्या पाकिटात सरकवला आणि त्याच्या हातात दिलं. पाकीट त्याच्या बोटांत पोळीसारखं लोंबलं.

निवेदकाला काही क्षण ते कळलंच नाही. मग त्याने पाकीट पुन्हा वाकवून पाहिलं. "म्हणजे मी दिलं तेव्हा आत पुठ्ठाच होता."

"नावाचा पुठ्ठा. सही तुटली नव्हती, कारण पाकीट कुणी फोडलंच नव्हतं. तुझे डोळे चांगले आहेत रे, फक्त बोलायला लागलास की तू ते वापरत नाहीस. कार्यक्रमपत्रिका कुणी कुणाला वाचून दाखवली, हे मघाशी तूच मला सांगितलंस. ज्याला ती वाचता येईना, त्याने मुंगीएवढी अक्षरं न अडखळता कशी वाचली?"

मावशीने डावऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता.

"तुम्ही वाचत नव्हता. तुम्हाला पाठ होतं. सरांचं नाव निघालं नसतं तर कागद खिशातच राहिला असता. निघालं, म्हणून तुम्ही बोललात, आणि खाली उतरल्यावर पुठ्ठ्याऐवजी खिशातला कागद दिलात. निकाल आधी कळायची गरज नसलेला एकच माणूस होता, पाकीट उघडणारा. आणि दुसऱ्या इंजेक्शनाची गोष्ट ज्याचा खांदा त्यालाच माहीत नव्हती. खोलीतले डॉक्टर गेले. सर स्वतःवर कशाला आरोप करतील? उरलात तुम्ही."

डावऱ्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि पुठ्ठा काढून मेजावर ठेवला. बोटाएवढ्या अक्षरांत सरांचं नाव होतं.

चिटणिसांनी बडतर्फीच्या पत्राचा कागद बाजूला सारला.

डावरा खालमानेने बोलला. नऊ वर्षांपूर्वी त्याने संघटनेला निनावी पत्र लिहिलं होतं. ते कचऱ्यात गेलं. नाव घालून लिहायचं तर मी खोलीत होतो हेही लिहावं लागलं असतं. संघटनेच्या पाकिटातून निघालं तर लोक ऐकतील, असं त्याला वाटलं. आळ आपल्या जोडीदारावर जाईल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि गेल्या अर्ध्या तासात आलं तेव्हा तोंड उघडेना.

"जीवनसत्त्व आहे असं तुला कुणी सांगितलं, आठवतंय?" त्याने तारवाल्याला विचारलं. "सरांनी नाही. सरांनी मला सांगायला लावलं. माझ्यावर तुझा विश्वास होता म्हणून."

सर खिडकीशी वळले. निवेदकाला वाटलं, आता ते नाकारतील.

"तू तेव्हा बोलला नाहीस," ते डावऱ्याला म्हणाले. "अंतिम फेरीत जायचं होतं तुलाही. आता मला एकट्याला चोर ठरवू नकोस."

आपण काय बोलून गेलो, हे त्यांना इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं. कोट सारखा करून ते दाराकडे निघाले. तारवाला बाजूला झाला नाही. सरांना त्याच्या अंगाला चाटून जावं लागलं.

मग तारवाला बोलला, अगदी हळू, हिशेब पडताळून पाहावा तसा.

"ते टोचलं नसतं तर मी सामना सोडला असता."

"हो," डावरा म्हणाला.

"हरलो असतो. एवढंच ना?"

डावरा रडायला लागला. तारवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, शिवीही दिली नाही.

"बाहेर लोक बसलेत अजून," तो म्हणाला. "त्यांना वाटतंय मी लिहिलं. जा, आता स्वतःच्या तोंडाने सांग."

निवेदकाने डावऱ्याला मंचावर नेलं. ओळख करून द्यायची सवय बाजूला ठेवून तो मागे सरला. डावऱ्याने रिकाम्या हातांनी मेज धरलं. आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाला, "त्या खोलीत मी होतो. खोटं मी बोललो."

त्या वर्षी सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार कुणालाच दिला गेला नाही. महिन्याभरात सरांचा परवाना गेला. डावऱ्याने लेखी जबाब दिला आणि संघटनेतलं पद सोडलं. चिटणिसांनी तारवाल्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी डावरा बोलत असताना तारवाला पडद्याआड उभा राहून शेवटपर्यंत ऐकत होता. बोलणं संपलं तेव्हा त्याने निवेदकाच्या बाहीला हात लावला.

"जरा खुर्ची मिळेल का?" तो म्हणाला. "बसतो थोडा वेळ."