आडोशाची वाळू

वाळूच्या टेकडीवरची जाळी फाटली होती, म्हणून ताई आणि तिचा धाकटा भाऊ बारक्या भर दुपारीच दुरुस्तीला निघाले. टेकडीला कुंपण घालणं हाच दोघांचा धंदा. समुद्राकडचा वारा वाळू ढकलत उतारावरून वर आणतो आणि माथ्यावरून पलीकडे, घरांच्या अंगाला, लोटून देतो. जाळी नसली की अख्खी टेकडीच हळूहळू घरात शिरते. "पाहुणे बरे, निदान कधीतरी जातात," बारक्या म्हणायचा. त्याच्या तोंडाचा पट्टा कायम चालू.

काम चालू असताना एक खांब घरंगळून पलीकडच्या वाळूच्या उभ्या कड्याखाली गेला. बारक्या तो आणायला उतरला. थोड्या वेळाने कडा ढासळल्याचा दबका आवाज आला. ताई माथ्याकडे धावली, तर बारक्या खांब खांद्यावर टाकून वर येत होता.

"लागलं का रे?"

"नाही. बाजूला झालो."

एवढंच. केसांत वाळूचा कणसुद्धा नाही. ताईचा जीव भांड्यात पडला खरा, पण मनात पाल चुकचुकलीच. एरवी साधं खरचटलं तरी हा दिवसभर पुराण लावायचा.

ती जाळीला गाठी मारायला बसली. अशा वेळी एकाने वाऱ्याच्या तोंडाला बसायचं, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांत वाळू जात नाही. बारक्या न सांगता तिथे बसला. तरी वाळू सुयांसारखी तिच्या तोंडावर येतच राहिली.

"नीट समोर बस ना."

"समोरच बसलोय की..."

खरंच समोरच होता. ताईने नजर खाली वळवली. बादलीच्या आडोशाला वाळूची लांब शेपटी साचली होती. खांबामागेही होती, अगदी पडलेल्या हातोडीमागेही. वारा अडला की तिथे वाळू बसते, मग अडवणारा कुणी का असेना. बारक्यामागे मात्र काहीच नव्हतं. वाळूवरच्या बारीक लाटा त्याच्या अंगाखालून सरळ तिच्यापर्यंत आल्या होत्या.

"पाणी घेऊन येते," ती कसंबसं म्हणाली आणि माथ्यावरून दिसेनाशी होताच कड्याखाली धावत सुटली. आपला भाऊ कुठे आहे, ते तिला कळलं होतं.

ढासळलेल्या वाळूत ती दोन्ही हातांनी उकरू लागली. टेकडीमागे वारा गिरकी घेऊन उलटा फिरतो, तो तिच्या पाठीवर आपटत होता. कोपरापर्यंत खोल गेल्यावर एक हात लागला. उबदार होता. बोटांनी तिचा हात घट्ट धरला.

"बारक्या, सोडू नकोस रे... काढते तुला."

"ताई..." मागून बारक्याचाच, अगदी हळू आवाज आला. "जिवंत आहे का अजून तो?"

तिने वळून पाहिलं नाही. रडत रडत एका हाताने उकरत राहिली. बाही दिसली, खांदा दिसला. आणि मग तिच्या मुठीतली बोटं एकेक करून सैल पडली.

त्याच क्षणी तिच्या पाठीवरचा वारा थांबला. डावीकडे-उजवीकडे वाळू तशीच उडत होती. तिच्या मागे मात्र कुणीतरी वाऱ्याला पाठ देऊन, तिला नीट आडोसा करून उभं होतं.